स्पॅनिश अनुवाद आणि तौलनिक साहित्य : अर्ज भरण्यापूर्वीची तयारी

स्पॅनिशमधून थेट मराठीत साहित्य आणायचे आणि त्याच अभ्यासाच्या बळावर तौलनिक साहित्यात संशोधन व अध्यापन करायचे, असे मनाशी ठरवून येणारे विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न विद्यापीठाचा विचारतात. अर्ज कुठे करावा ही बाब तयारीच्या यादीत बरीच खाली येते. तिच्या आधी दोन-तीन वर्षांची तयारी आहे, आणि ती एम. ए.च्या पहिल्या वर्षापासून, जमल्यास त्याही आधी, सुरू केलेली बरी.

सुरुवात स्पॅनिशपासून करावी. भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय श्रेणीतल्या बी-२ पातळीवर वर्तमानपत्र वाचता येते, गप्पा मारता येतात, आणि आपल्याला भाषा आली असे वाटू लागते. पण कादंबरीतले पात्र अर्धवट वाक्यात काय सुचवते आहे हे कळायला तिच्या वरची सी-१ लागते. दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या भाषासंस्थेमार्फत होणाऱ्या डेले या स्पॅनिश परीक्षेचे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य असते, तर सिएले या दुसऱ्या परीक्षेचे पाच वर्षे. त्यामुळे शक्य असेल तर डेलेच द्यावी आणि पीएच. डी.च्या अर्जाआधी किमान वर्षभर ती हातावेगळी करावी. शब्दकोशांत रेआल अकादेमिया एस्पान्योला या १७१३ साली स्थापन झालेल्या संस्थेचा कोश इंटरनेटवर मोफत आहे, आणि लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांसाठी २०१० साली निघालेला अमेरिकानिझमांचा स्वतंत्र कोश आहे. दोन्ही स्पॅनिश-स्पॅनिश आहेत. स्पॅनिश-इंग्रजी कोश कपाटात ठेवून सहा महिने काढता आले, तर ही तयारी नीट झाली असे समजावे. वीसहून अधिक देशांची भाषा एकदम आपलीशी होत नाही, म्हणून आधी एक प्रदेश निवडावा. अर्जेंटिना निवडलात तर ‘तू’साठी ‘वोस’ आणि त्याची वेगळी क्रियापदे कानात बसली पाहिजेत. स्पेन निवडलात तर ‘तुम्ही’साठी ‘वोसोत्रोस’.

यानंतरची तयारी मराठीची, आणि ती सर्वांत मोठी आहे. मराठी तर आपलीच, असे म्हणून विद्यार्थी ती सोडून देतात. मीही सोडली होती. फार वर्षांपूर्वी एका कथेचा अनुवाद मी इंग्रजी अनुवाद समोर ठेवून सुरू केला. इंग्रजी वाक्यात आजी देवळात ‘गेली’ होती, मीही ‘गेली’ असेच लिहिले आणि पुढची चार पाने त्याच काळात ओढत नेली. मूळ स्पॅनिश हातात आले तेव्हा तिथे ‘फुए’ नव्हते, ‘इबा’ होते. ती एकदा गेलेली नव्हती. ती दर रविवारी जाई. कथा त्या जाण्याच्या सवयीवर उभी होती आणि सवय मोडल्याचा धक्का तिच्या शेवटी होता. स्पॅनिश जो फरक क्रियापदाच्या एका रूपात ठेवते, तो ठेवायला मराठीकडे रीतिभूतकाळ आहे : जाई, करी, म्हणे. इंग्रजीचा साधा भूतकाळ हा फरक बहुतेक वेळा पुसून टाकतो. दोन टोकांच्या भाषांकडे जे आहे ते मधल्या भाषेत हरवते, आणि स्पॅनिशमधून थेट मराठीत येण्याचे माझ्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे.

अशी उदाहरणे स्वतः गोळा करावीत. त्यासाठी एक वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. माझ्या वहीतली दोन सांगतो. ‘माद्रुगादा’ हा शब्द मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतच्या सगळ्या वेळेला लागू पडतो, आणि रात्रीचे दोनही ‘माद्रुगादा’चेच दोन असतात, इंग्रजी अनुवादात तिथे पहाट आली, तर मराठीतही बिनदिक्कत पहाट येते, मग पात्र अंधारात का चाचपडते आहे हे वाचकाला कळत नाही. आपल्याकडे ‘उत्तररात्र’ हा शब्द आहे आणि तो वापरायला हवा. दुसरे नात्यांचे. ‘कोन्सुएग्रा’ म्हणजे सरळ विहीण; इंग्रजीतून आलेल्याला तिथे ‘मुलीची सासू’ असा वळसा घ्यावा लागतो. उलट ‘कुन्यादो’ या एका शब्दात दीर, मेहुणा आणि बहिणीचा नवरा असे तिघे बसतात, आणि त्यांतला कोणता हे ठरवल्याशिवाय मराठी वाक्य पूर्णच होत नाही. त्यासाठी कधी पन्नास पाने पुढे वाचून लग्न कोणाचे कोणाशी झाले हे शोधावे लागते. मराठीच्या या तयारीत दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही हाताशी असावेत, आणि रोज निदान दहा पाने मराठी गद्य वाचावे, त्यातही आपल्या जिल्ह्याबाहेरच्या बोलीतले. मेक्सिकोतल्या खेड्यातला शेतकरी पुण्याच्या प्रमाणभाषेत बोलू लागला की तो शेतकरी उरत नाही. पण त्याला मालवणीत बोलायला लावणेही चूक आहे, कारण मग तो मालवणचा होतो. यावर तयार उत्तर नाही. पण बोलींचा कान असल्याशिवाय प्रश्नच जाणवत नाही.

नावांच्या लेखनाची यादी लवकर करून टाकावी. होर्हे, हुआन, बोर्हेस, किहोते ही नावे इंग्रजी वाचनाने मराठीत जॉर्ज, जुआन, क्विझोट अशी रुळली आहेत. तुम्ही काय लिहिणार, आणि ‘झेड’चा उच्चार स्पेनचा ‘थ’ घेणार की लॅटिन अमेरिकेचा ‘स’, हे एकदा ठरवून पुस्तकभर पाळावे.

आता नमुना अनुवाद. कोणत्याही अर्जासोबत, शिष्यवृत्तीच्या असो वा प्रकाशकाच्या, दहा-बारा पाने द्यावी लागतात, आणि त्यासोबत तुमचे निर्णय समजावून सांगणारे टिपण असेल तर वाचणाऱ्याला तुमची समज दिसते. नमुन्यासाठी अडचणीचा मजकूर निवडावा. माझी शिफारस फेदेरीको गार्सिया लोर्का या स्पॅनिश कवी-नाटककाराची आहे. त्याच्या १९२८ च्या ‘रोमान्सेरो खितानो’ या संग्रहातल्या पहिल्या कवितेत चंद्र लोहाराच्या भट्टीत येतो, पण स्पॅनिशमध्ये ‘लुना’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून येते ती बाई : निशिगंधाच्या फुलांचा फुगीर झगा नेसलेली, लहान मुलाला भुरळ घालून हाताला धरून आकाशात नेणारी. मराठीत चंद्र पुल्लिंगी आहे आणि त्याच्यामागे चांदोबा मामाची सारी बालगीते उभी आहेत. ‘चंद्रकोर’ घ्यावी तर स्त्रीलिंग मिळते, पण पूर्ण बिंब जाते. ‘चांदणी’ घ्यावी तर ती तारका होते. ‘चंद्र’ ठेवून क्रियापद स्त्रीलिंगी करावे तर ते छापखान्याची चूक वाटते. आणि एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण १९३३ साली रंगभूमीवर आलेल्या ‘बोदास दे सांग्रे’ या नाटकात हाच लोर्का चंद्राला पांढऱ्या चेहऱ्याच्या तरुण लाकूडतोड्याच्या रूपात आणतो आणि मृत्यूला भिकारणीच्या. स्पॅनिशमध्ये मृत्यूही स्त्रीलिंगी, आपल्याकडे मृत्यू पुल्लिंगी आणि मरण नपुंसकलिंगी. कविता आणि नाटकातला तो प्रवेश शेजारी ठेवून अनुवाद केला आणि लिंगाचा प्रश्न दोन्हीकडे कसा सोडवला हे तीन पानांत लिहिले, तर अनुवादाचा नमुना तयार होतोच, शिवाय शोधनिबंधाचे बीजही हाती येते. निशिगंधाबद्दल एक सुखद बाब सांगायला हवी : इंग्रजीत ‘नार्दो’चे कधीकधी जटामांसीसारखे काहीतरी परके सुगंधी द्रव्य होते, आपल्याकडे मात्र तेच फूल फुलवाल्याच्या टोपलीत दिसते.

लोर्का सुचवण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. लोर्काची हत्या १९३६ साली झाली, त्यामुळे त्याचे साहित्य इथे मुक्त आहे. चिलीचे कवी पाब्लो नेरूदा १९७३ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांसाठी २०३३ संपेपर्यंत परवानगी हवी. हयात लेखक निवडणार असाल तर पुस्तक पूर्ण करण्याआधी मराठी हक्क मोकळे आहेत का, हे मूळ प्रकाशकाच्या हक्क विभागाला स्पॅनिशमध्ये पत्र लिहून विचारावे. एका कादंबरीचा माझा अनुवाद सव्वा वर्ष खपून पूर्ण झाल्यावर हक्क दुसरीकडे गेल्याचे मला कळले होते, आणि ते हस्तलिखित आजही तसेच पडून आहे. स्पेनचे सांस्कृतिक मंत्रालय आणि अर्जेंटिनाचा २००९ साली सुरू झालेला ‘प्रोग्रामा सुर’ परभाषेतल्या अनुवादांना अर्थसाहाय्य देत आले आहेत, परंतु अर्ज प्रकाशकाने करायचा असतो. म्हणून आधी प्रकाशक, मग अनुदान, हा क्रम लक्षात ठेवावा.

तौलनिक साहित्याच्या बाजूची तयारी म्हणजे प्रश्न तयार करणे. दोन नावे शेजारी मांडली म्हणजे तुलना होत नाही. एकनाथ आणि स्पेनचे सान हुआन दे ला क्रूस दोघेही १६ व्या शतकातले, दोघेही भक्तीचे कवी, एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. साम्यांची यादी करून झाली की पुढे काय, याला उत्तर लागते. प्रत्यक्ष संपर्काचा धागा असेल तर काम भक्कम होते. पंचतंत्र पहलवी या जुन्या इराणी भाषेत गेले, तिथून ८ व्या शतकात अरबीत, आणि अरबीतून १२५१ साली ‘कालिला ए दिम्ना’ या नावाने कास्तिलियनमध्ये, म्हणजे स्पॅनिशमध्ये, आले. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे आपली नावे थोडी झिजवून स्पेनपर्यंत पोचले. ज्याला संस्कृत येते त्याने या वाटेवर जरूर जावे, मात्र अरबी शिकायची तयारी ठेवावी.

संपर्क नसेल तर प्रश्न रचनेचा असावा. लॅटिन अमेरिकेत ‘तेस्तिमोनियो’ हा साक्ष-कथनाचा प्रकार १९६० नंतर घडला आणि क्यूबाच्या कासा दे लास आमेरिकास संस्थेने १९७० साली त्याला आपल्या पुरस्कारांत स्वतंत्र वर्ग दिला. त्यात बहुधा सांगणारा एक असतो आणि लिहून घेणारा शिकलेला माणूस दुसरा; ग्वातेमालाच्या माया कार्यकर्त्या रिगोबेर्ता मेंचू यांचे १९८३ चे कथन असेच एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ध्वनिमुद्रित करून शब्दांकित केलेले आहे. आता १९७८ चे ‘बलुतं’ पाहा. तिथे लिहून घेणारा बाहेरचा कोणी नाही, पण दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो; एकाच माणसाचे सांगणारा आणि ऐकणारा असे दोन भाग झालेले आहेत. साक्ष द्यायला दुसरा माणूस लागतोच का, आणि शिकून वर आलेला माणूस स्वतःच स्वतःसाठी तो दुसरा होतो तेव्हा त्याची भाषा कोणाची असते, या प्रश्नात मराठी आणि स्पॅनिश दोन्ही बाजू सारख्याच वजनाने येतात. असा प्रश्न असलेला संशोधन आराखडा मराठीला केवळ उदाहरणापुरते वापरत नाही, आणि स्पॅनिशचे अभ्यासक जगभर असताना तुमची निवड का करावी, याचेही उत्तर त्यातच असते. तिसरी भाषा म्हणून गोव्याकडच्यांनी पोर्तुगीज घ्यावी. स्पॅनिशनंतर ती वाचण्यापुरती वर्षभरात येते.

पदव्यांचा भाग थोडक्यात सांगता येईल. भारतात तौलनिक साहित्याचा सर्वांत जुना विभाग जादवपूर विद्यापीठात आहे, तो १९५६ साली बुद्धदेव बसू यांनी सुरू केला; स्पॅनिशसाठी दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ पाहावे. नेट या अध्यापनाच्या पात्रता परीक्षेसाठी स्पॅनिश आणि तौलनिक साहित्य हे दोन्ही स्वतंत्र विषय आहेत. ज्या विषयात पदव्युत्तर पदवी आहे तोच घ्यावा. पीएच. डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. अमेरिकेत जायचे असेल तर तिथे पाच-सहा वर्षे लागतात, पण बऱ्याच ठिकाणी शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते, आणि त्याच्या बदल्यात पदवीच्या वर्गांना स्पॅनिश शिकवावे लागते. म्हणून इथे असतानाच शिकवण्याचा अनुभव घ्यावा. नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो : कायम जागा फार थोड्या निघतात आणि पहिली काही वर्षे तासिका तत्त्वावर जाण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवावे. अनुवाद ‘संशोधनात धरत नाहीत’ हा समज मात्र चुकीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत अनुवादित पुस्तकाला ८ गुण आहेत आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र पुस्तकाला १०. कादंबरीच्या अनुवादाला लागणारे कष्ट पाहता तो आकडा मला कमी वाटतो, तरी तो आहे आणि मुलाखतीत त्यावर बोट ठेवता येते.

राहिली कागदपत्रे. शिफारसपत्र देणाऱ्या तिघांना दोन महिने आधी सांगावे आणि प्रत्येकाला तुमचा आराखडा व नमुना अनुवाद वाचायला द्यावा, म्हणजे ते तुमच्या कामाबद्दल लिहू शकतील. त्यांतले एक मराठीचे प्राध्यापक असावेत असा माझा आग्रह आहे. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळायला काही आठवडे जातात, दिवाळीच्या सुटीत तर अधिकच, आणि परदेशातल्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये असते. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज गणपतीच्या आधी खिडकीवर गेलेला असावा, आणि गुणपत्रक, पासपोर्ट व डेलेची नोंदणी या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग अगदी एकसारखे आहे का, हे त्याच दिवशी तपासून घ्यावे.