पिक्चर डिस्क खरखरतेय? या चुका टाळा

नवीकोरी पिक्चर डिस्क, म्हणजे चित्र छापलेली ग्रामोफोन रेकॉर्ड, लावावी आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच मागे ‘सूंऽऽ’ ऐकू यावं, की पहिला संशय सुईवर जातो. मग कोणी कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) बदलतं, कोणी दुकानदाराशी भांडतं. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात.

साध्या काळ्या रेकॉर्डच्या खाचा एकसंध व्हिनाइलमध्ये उमटलेल्या असतात. पिक्चर डिस्कमध्ये मधे व्हिनाइलचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना छापील कागद आणि वर पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म असते. खाचा उमटतात त्या या फिल्मवर. खरखर तिथूनच येते, आणि ती सहसा कायमची असते. पण चित्र आहे म्हणजे आवाज वाईटच, असंही नाही. १९४६-४७ मध्ये डेट्रॉइटच्या ‘व्होग’ कंपनीने काढलेल्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) चित्रमय रेकॉर्ड्समध्ये मधे ॲल्युमिनियमची चकती असे, आणि त्यांचा आवाज आजही संग्राहक वाखाणतात.

दुरुस्तीला लागण्याआधी कान देऊन ऐका. गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचांत एकसारखी सूंसूं येत असेल आणि साफ केल्यावरही तशीच राहिली, तर ती बनावटीतली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगावर एक फेरा १.८ सेकंदांचा. बरोबर तेवढ्या अंतराने ‘टिक’ येत असेल तर त्या जागी ओरखडा आहे. कशाही, कुठेही टिकटिक येत असेल तर बहुधा धूळ. शंका उरलीच तर त्याच सुईने एखादी चांगली काळी रेकॉर्ड वाजवा. ती स्वच्छ वाजली की सेटअपला हात लावू नका.

खरखर दाबून टाकायला सुईचं वजन (रेकॉर्डवर पडणारा तिचा दाब) वाढवणं ही सगळ्यात महागडी चूक. खरखर तशीच राहते, खाचा मात्र झिजतात. कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनावरच थांबा. धुताना मधल्या छिद्राकडे पाणी जाऊ देऊ नका, आत कागद आहे.

फुलपाखरू, हृदय अशा आकारांच्या डिस्क ऑटोमॅटिक टर्नटेबलवर लावू नका. टोनआर्म (सुईचा दांडा) ठरलेल्या मापावर उतरतो, तिथे डिस्कच नसते आणि सुई थेट डिस्कखालच्या मॅटवर आपटते. वाजणारा गोल भाग आतच असतो, तिथे टोनआर्म उतरवायच्या लिव्हरने, उजेडात बघून सुई ठेवा. चित्रावर खाचा दिसतही नाहीत धड.

आणि ते सोबत आलेलं मऊ, पारदर्शक कव्हर! ते अनेकदा पीव्हीसीचं असतं. उन्हाळ्यात बंद कपाटात महिनोन्‌महिने राहिलं तर डिस्कवर धुरकट डाग उठतो, तो ऐकूही येतो आणि धुऊन जाईलच असं नाही. डिस्क पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेवा, मूळ कव्हर वेगळं. गाणी मनापासून ऐकायची असतील तर त्याच अल्बमची काळी प्रत घ्या. चित्रवाली भिंतीवर छान दिसते, फक्त ऊन लागणार नाही अशा भिंतीवर.