पोटरीचा रक्तप्रवाह एमआरआयवर मोजण्याआधी

पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णाचं एएसएल स्कॅन (धमनीतल्या रक्तालाच चुंबकीय खूण करून प्रवाह मोजणारं एमआरआय) करायचं असेल तर सगळ्यात आधी पोटरी अधांतरी ठेवा. टेबलावर टेकलेली पोटरी स्वतःच्याच वजनाने चपटी होते, मागच्या स्नायूंतल्या वाहिन्या दबतात आणि येणारा आकडा आजाराचा की दाबाचा, हे कळत नाही. मागचं अख्खं स्कॅन यापायीच फुकट गेलं. फोमचा एक आधार घोट्याच्या जरा वर, दुसरा मांडीखाली. गुडघ्यामागच्या खळग्यात उशी नको, तिथली शीर दबते. टाचही टेकू देऊ नका; या रुग्णांच्या टाचेला चटकन जखम होते आणि ती भरत नाही.

संमती, धातूची तपासणी नेहमीचीच. आधीचे काही तास चहा-कॉफी, धूम्रपान नको. आडवं पडून १५-२० मिनिटं विश्रांती, पाय उबदार.

विश्रांतीतल्या स्नायूचा प्रवाह इतका कमी असतो की सिग्नल गोंगाटात बुडतो, म्हणून मांडीला कफ (रक्तदाब मोजताना बांधतात तशी हवेची पट्टी) बांधून प्रवाह ५ मिनिटं अडवायचा आणि सोडल्यावरची उसळी मोजायची. त्या मांडीत स्टेंट किंवा बायपास असेल, शिरेत गुठळी असेल, तर कफ लावायचाच नाही. कफचा दाब हाताच्या सिस्टोलिकपेक्षा, म्हणजे वरच्या रक्तदाबापेक्षा, निदान ५० मिमी (पारा) जास्त. हवा झटक्यात भरा. सावकाश भरली तर शिरा आधी बंद होतात, धमनीतून रक्त येत राहतं आणि पाय तुंबतो. मधुमेहात कडक झालेल्या धमन्या दबतीलच असं नाही. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब १.४ च्या वर गेला, तर प्रवाह खरंच थांबतो का हे डॉपलरने (रक्तप्रवाह टिपणाऱ्या अल्ट्रासाऊंडने) आधीच बघा. पंप खोलीबाहेर, नळी लांब, गळती तपासलेली. पाय बधिर होईल, दुखेल, तरी हलवायचा नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगा.

आणि पोटरी? कॉइल (सिग्नल पकडणारं वेटोळं) बसवताना ती पुन्हा खाली टेकते. खालून हात फिरवून बघा. कॉइलचा पट्टाही आवळू नका.

स्कॅनची मोजणी कफ सोडण्याआधी सुरू करा, सोडल्याचा सेकंद लिहा. निरोगी पायात उसळी लवकर येते, इथे उशिरा आणि बुटकी. तो उशीरही मोजायचाच आहे. सोलियस, गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचे मागचे स्नायू) आणि टिबियालिस (नडगीपुढचा स्नायू) चित्रावर वेगवेगळे आखा, मोठ्या वाहिन्या वगळा. दुसरा पाय तसाच. त्याचीही पोटरी अधांतरी.