आधी पडद्याची उंची, मग लेन्स, मशीन शेवटी

जळगाव-धुळ्याकडचं एकपडदा थिएटर बंद पडलं की मशीनची, म्हणजे फिल्म प्रोजेक्टरची, जोडी भंगाराच्या भावात निघते. फिल्म सोसायटीचा उत्साही माणूस ती उचलतो आणि मग केबिन त्या मशीनभोवती रचायला लागतो. हा उलटा रस्ता आहे. मूकपट, जुना चौकोनी बोलपट, फ्लॅट (साधं रुंद चित्र), स्कोप (त्याहून रुंद), १६ मिमीची छोटी फिल्म, हे सगळं केबिनच्या एकाच झरोक्यातून दाखवायचं असेल, तर पहिला आकडा एकच: पडद्यावरच्या चित्राची उंची. ती सगळ्या फॉरमॅटना सारखी ठेवायची आणि रुंदी बाजूच्या काळ्या पडद्यांनी कमी-जास्त करायची. रुंदी कायम ठेवून स्कोपला वरून-खालून कापणारे हॉल भरपूर आहेत. त्यांची नक्कल करू नका. त्यात सगळ्यात भव्य फॉरमॅट सगळ्यात बुटका दिसतो.

आता तो खड्डा, ज्यात नवा माणूस हमखास पडतो. लेन्सचं सूत्र सोपं आहे: थ्रो (लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर) गुणिले अ‍ॅपर्चरची (फिल्मपुढच्या, उजेड सोडणाऱ्या खिडकीची) उंची, भागिले चित्राची उंची. थ्रो २४ मीटर, चित्र ३.७५ मीटर उंच धरा. ३५ मिमी फिल्मवर स्कोपचं अ‍ॅपर्चर १७.५३ मिमी उंच, म्हणून लेन्स ११२ मिमी आणि तिच्यापुढे चित्र रुंदीत दुप्पट ताणणारं अ‍ॅनामॉर्फिक. चित्र साधारण ९ मीटर रुंद पडेल. १.८५ च्या (रुंदी उंचीच्या १.८५ पट) फ्लॅटला ११.३३ मिमी, म्हणजे ७२.५ ची लेन्स. १.६६ ला १२.६२, म्हणजे ८१ च्या आसपास. १.३७ च्या जुन्या बोलपटाला १५.२४, म्हणजे ९७.५. १६ मिमीचं अ‍ॅपर्चर ७.२६ मिमी, त्याला साडेशेहेचाळीस. लेन्स ठरावीक पायऱ्यांनीच मिळतात. मधला आकडा आला तर जवळची घ्या आणि पडद्याची उंची तिच्याप्रमाणे ठरवा.

इथवर सगळे बरोबर असतात. चुकतो तो थ्रो. नकाशावर किंवा जमिनीवर टेप टाकून २४ मीटर लिहिले जातात. पण केबिन बाल्कनीच्या वर असते. लेन्स पडद्याच्या मध्यापेक्षा ६ मीटर उंच असेल, तर किरणाचा खरा रस्ता २४.७४ मीटर. फरक तीन टक्के, म्हणजे स्कोपच्या रुंदीत पाऊण फुटाहून जास्त. चित्र पडद्याबाहेर सांडतं. मग लेन्स बदलायला पैसे नसतात, म्हणून अ‍ॅपर्चरची पितळी प्लेट लहान भोकाची कापली जाते आणि नटाचं कपाळ उडतं. थ्रो उलटा चुकला, चित्र लहान पडलं, तर कानस घेऊन प्लेट मोठी करतात. स्कोपमध्ये दोन फ्रेममध्ये जवळजवळ जागाच नसते, त्यामुळे प्लेट जरा वाढली की प्रत्येक जोडाची रेघ पडद्यावर चमकते. बाजूने घासली तर साउंडट्रॅक डोकावतो. पितळ एकदा घासलं की परत येत नाही, नवी प्लेटच लागते. थ्रो लेन्सच्या तोंडापासून पडद्याच्या मध्यापर्यंत, उतरत्या रेषेत मोजा. दोरी ताणून मोजा. दोनदा मोजा. दोन्ही मशीनचा वेगळा मोजा.

प्लेट नेहमी कोरी, लहान भोकाची घ्या आणि लेन्स पक्की बसल्यावर हॉलमध्येच घासा. मशीनमध्ये आरपी-४० ही, फ्रेमची मापं आखलेली टेस्ट फिल्म लावून, नुसत्या पांढऱ्या उजेडावर नाही. केबिन उंच असेल तर चित्र खाली पसरतं. प्लेटच्या बाजू तिरक्या घासून ते सरळ दिसेल, पण प्लेटची मापं मर्यादेबाहेर गेली तर थांबा, उरलेलं काळ्या मास्किंगने झाका. प्रत्येक प्लेटवर मशीन नंबर आणि फॉरमॅट कोरा. डाव्या मशीनची प्लेट उजवीला चालत नाही. दोन मशीन, चार फॉरमॅट, म्हणजे आठ प्लेटा. आकडा बघून घाबरू नका, यातलं काहीच अवघड नाही, फक्त चिकाटीचं आहे.

मूकपटाचं वेगळं. त्यात साउंडट्रॅकची जागाही चित्रानेच भरलेली असते, त्यामुळे चित्राचा मध्य सुमारे सव्वा मिलिमीटर सरकतो. लेन्सहोल्डर बाजूला सरकवायची सोय असलेलं मशीन असेल तर उत्तम. भारतात बोलपट १९३१ चा, त्याआधीचं सगळं वेगवेगळ्या गतीचं. सेकंदाला १६ फ्रेमवर दोन पात्यांचं शटर (उजेड झाकणारी फिरती पाती) लुकलुकतं; तीन पात्यांचं लावलं की ४८ झपके मिळतात, २४ फ्रेमला दोन पात्यांवर मिळतात तेवढेच. गती बदलायला थ्री-फेज मोटरवर फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह बसवा, पट्टे-पुल्यांचे जुगाड नकोत. आणि प्रत आधी हातात घेऊन बघा: कित्येक मूकपट नंतर साउंडट्रॅक घालून १.३७ मध्ये छापलेले असतात.

थाळी, म्हणजे अख्खा सिनेमा एकत्र गुंडाळणारा प्लॅटर, घेऊ नका, हे माझं ठाम मत. त्यासाठी रिळं कापून जोडावी लागतात आणि संग्रहालय आपली प्रत कापू देत नाही. २,००० फुटांची रिळं, दोन मशीन, चेंजओव्हर (एक रीळ संपताना चित्र दुसऱ्या मशीनवर नेणं). ३५ मिमी मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे एक रीळ जेमतेम २२ मिनिटं. वरच्या उजव्या कोपऱ्यात पहिली खूण आली की दुसऱ्या मशीनची मोटर, सुमारे सात सेकंदांनी दुसरी खूण आली की चेंजओव्हर. लूप (फिल्मची ढिली वळणं) आणि थ्रेडिंग (फिल्म मशीनमध्ये ओवणं) जुन्या वस्तादाकडून शिका, त्याच्या बोटांना जे कळतं ते कागदावर येत नाही. मापं मात्र त्याच्याकडून घेऊ नका. 'चालतंय भो, पब्लिकला काय कळतं' हे वाक्य ऐकलं की टेप बाहेर काढा.

भंगारातलं मशीन बघताना इंटरमिटंट स्प्रॉकेटचे (फिल्म एकेक फ्रेमने ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात बोटाने चाचपा. हुकासारखे वळलेले असतील तर ते फिल्मच्या काठची भोकं फाडणार. पॉलिएस्टरची प्रत तर तुटतही नाही. अडकली की फिल्मऐवजी मशीनच मोडतं. पॉलिएस्टरला सिमेंटचा जोडही धरत नाही, टेपचाच करा. गेट (फिल्म जिथून उजेडापुढून जाते ती खाच) साफ करायला बांबूची कामटी आणि मऊ ब्रश, स्क्रूड्रायव्हर कधीच नाही. आपल्याकडे हिवाळ्यात जिनिंगचा कापूस हवेत असतो आणि तो थेट गेटमध्ये येऊन केसासारखा पडद्यावर नाचतो. केबिनमध्ये गाळलेली हवा आत ढकलणारा पंखा ठेवा, बाहेर ओढणारा फक्त लॅम्पहाउसला.

लॅम्प झेनॉन, २ किलोवॅटचा असेल तर साधारण २५ व्होल्ट आणि ८० अँपिअर डीसी. लॅम्पची नळी आतल्या वायूच्या दाबाने थंड असतानाही फुटू शकते: तोंडावर ढाल, हातात जाड मोजे, काचेला उघडं बोट नाही. रावेर-यावलकडे रात्री शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज कोसळतं, कधी एक फेज उडतो. सर्व्हो स्टॅबिलायझर (व्होल्टेज सांभाळणारा) आणि सिंगल-फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) लागतोच. लाइट गेले की लॅम्प आणि त्याचा पंखा एकदम बंद पडतात, आणि तापलेली नळी तशीच भाजत राहते. म्हणून एवढा एक पंखा इन्व्हर्टरवर टाका, दहा मिनिटं चालला पाहिजे. मे महिन्यात ४५ अंश असताना हा पंखा विसरलात तर नव्या नळीचे पैसे तयार ठेवा.

आवाजाचं थोडक्यात. २००० नंतरच्या बऱ्याच प्रतींचा ट्रॅक सायन (निळसर-हिरव्या) रंगाचा असतो, त्याला लाल एलईडीचा रीडर लागतो. जुने चांदीचे ट्रॅकही त्यावर चालतात. डॉल्बीच्या प्रोसेसरवर जुना मोनो ०१ नंबरच्या सेटिंगवर, डॉल्बी ए ०४ वर, डॉल्बी एसआर ०५ वर (ए आणि एसआर या खरखर कमी करायच्या पद्धती). मोनो चुकून ०५ वर लावला तर आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो, आणि सगळे स्पीकरला दोष देतात.

७० मिमी सुरुवातीला नकोच. हवंच असेल तर ३५-७० दोन्ही चालणारं मशीन शोधा, फिलिप्स डीपी ७० किंवा व्हिक्टोरिया ८ सारखं, आणि झरोका आत्ताच रुंद करून ठेवा, भिंत नंतर फोडणं महाग पडतं. डिजिटल त्याच लेन्स-गणिताने बसतं: २के या डिजिटल मापात फ्लॅट १९९८ बाय १०८० पिक्सेल, स्कोप २०४८ बाय ८५८.

डब्यातून व्हिनेगरचा वास आला, म्हणजे फिल्म कुजायला लागली, तर ती प्रत बाकीच्यांपासून लांब ठेवा. १९५१ च्या आधीची ३५ मिमी प्रत असेल तर ती नायट्रेट, म्हणजे भडकन पेट घेणारी, असू शकते. काठावर 'सेफ्टी' लिहिलेलं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ती अक्षरं निगेटिव्हवरून छापून आलेली असू शकतात. अशी प्रत लावायची नाही, उन्हात ठेवायची नाही, पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला आधी फोन करायचा.