जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वी एसएमपीएस कसा तपासावा

पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन ग्राफिक्स कार्डाचा भाव विचारण्यापूर्वी, घरच्या संगणकाचा प्लग काढून कॅबिनेट उघडावे आणि एसएमपीएसवरील, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरील, लेबलचा फोटो काढून घ्यावा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये, कारण वीज तोडल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज शिल्लक राहू शकते.

लेबलवर ठळक छापलेल्या ४५० किंवा ५०० वॅट या आकड्याकडे सध्या दुर्लक्ष करावे. कॅबिनेटसोबत मिळालेल्या स्वस्त एसएमपीएसवर तर तो विक्रीसाठीच असतो, असे माझे मत आहे. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या रेलमधून (वीजवाहिनीतून) घेतात, म्हणून त्या रकान्यातील अँपिअरला १२ ने गुणावे. तिथे १८ अँपिअर असतील, तर हाती केवळ २१६ वॅट येतात. दोन रेल असल्यास त्यांची बेरीज करू नये. लेबलवर एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असेल, तर तीच धरावी.

आता गरज पाहू. आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅट घेते आणि चौथ्या पिढीचा आय५-४५९० प्रोसेसर ८४ वॅट घेतो. म्हणजे वरचे २१६ वॅट इथेच संपले. मदरबोर्ड, डिस्क आणि पंख्यांसाठी आणखी ५० वॅट धरून त्यावर थोडी मोकळीक ठेवली, तर १२ व्होल्टवर सुमारे ३० अँपिअर हवेत. खात्रीच्या बनावटीचा ४५० वॅटचा एसएमपीएस एवढे देतो, आणि हे कार्ड काढणाऱ्या एएमडीची शिफारसही ४५० वॅटचीच आहे. आरटीएक्स ३०६० या कार्डासाठी मात्र एनव्हिडिया ५५० वॅट सुचवते.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनच्या जोडणीतून ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. एसएमपीएसला ही जोडणी नसेल, तर डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला अडॅप्टर लावून ती तयार करू नये. साटाच्या पिना १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट पेलतात आणि त्यापुढे प्लास्टिक वितळू लागते. प्रोसेसरची ८ पिनची केबल दिसायला तशीच असली, तरी तिच्यातील तारांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे ती कार्डात जोर लावून बसवू नये. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलही दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत.

कंपन्यांनी काढून टाकलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये अनेकदा २४० ते २९० वॅटचा, वेगळ्याच आकाराचा आणि वेगळ्या जोडणीचा एसएमपीएस असतो, जो सहजासहजी बदलता येत नाही. अशा संगणकासाठी ७० वॅटचे, ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० किंवा जादा जोडणी न लागणारे जीटीएक्स १६५० निवडावे. कॅबिनेट अरुंद असल्यास कार्ड लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे, आहे ना, हेही पाहावे.

यूपीएसचा हिशेब अनेकजण विसरतात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यामुळे वरील आरएक्स ६६०० चा संगणक मॉनिटरसह पूर्ण भारावर अगदी काठावर येतो आणि वीज जाताच यूपीएस तो सांभाळेलच, याची खात्री उरत नाही. १००० व्हीएचा घेणे बरे.

कार्ड बसवल्यानंतर अर्धा तास जड गेम चालवून पाहावा. संगणक अचानक बंद पडला किंवा आपोआप रिस्टार्ट झाला, तर ड्रायव्हर पुन्हा टाकत बसण्याआधी पूर्ण भार असताना मल्टिमीटरने मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या ४ पिनच्या जोडणीच्या) पिवळ्या आणि काळ्या तारेमधील व्होल्टेज मोजावे, आणि ते ११.४ च्या खाली उतरत असेल तर एसएमपीएस बदलावा.