दात पांढरे करून घेताय? इनॅमल जपायचं असेल तर या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की ब्लीचिंगसाठी येणाऱ्यांची रीघ लागते. खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, दाताचं वरचं कव्हर निघून तर जाणार नाही ना?" नाही जात. ब्लीचिंगमध्ये दात घासत नाहीत. जेलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून, म्हणजे या वरच्या कव्हरमधूनच, झिरपून त्याच्या आतल्या डेंटिन या थरापर्यंत पोचतं आणि तिथला रंग फोडतं. इनॅमल वजनाने ९६ टक्के खनिजांचं असतं. त्याचा पृष्ठभाग काही काळ किंचित मऊ पडतो, पण लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट तो पुन्हा भरून काढतं. खरं नुकसान होतं ते पुढच्या चुकांमुळे.

कीड तशीच ठेवून ब्लीचिंग. क्लिनिकमधल्या जेलमध्ये पेरॉक्साइड २५ ते ४० टक्के असतं. दाताला भोक किंवा तडा असेल, तर ते फार लवकर नसेपर्यंत जातं आणि माणूस कळवळतो. आधी कीड काढून तात्पुरतं सिमेंट भरून घ्या. दाताच्या रंगाचं पक्कं फिलिंग मात्र ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवड्यांनी करा, कारण आधी केलं तर नव्या शेडशी जुळणार नाही. कॅप आणि जुनी फिलिंग ब्लीचने पांढरी होत नाहीत, हेही आधीच लक्षात घ्या.

"आठवड्यात रंग उतरला, अजून एकदा करा." ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. तासभर तोंड उघडं ठेवल्याने दात कोरडे पडतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. नदीतला गोटा ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिकट, तसंच हे. शेड गाइडची, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांची, पट्टी दाताला लावून बघितलं तर खुर्चीवरून उठतानाची शेड आणि दोन आठवड्यांनंतरची शेड वेगळी येते. नंतरची शेड हीच खरी. ती बघायच्या आधी घाईने दुसरी बैठक मागू नका. वारंवार केलेलं ब्लीचिंगच इनॅमलला सावरायला वेळ देत नाही.

लिंबू, खायचा सोडा, कोळसा, मिश्री. पांढरेपणा टिकवायला म्हणून लोक हे चोळतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस तर २ च्या आसपास असतो. गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. पहिले दोन दिवस चहा-कॉफी टाळा असं सगळेच सांगतात. मी कोकम सरबत, चिंच आणि कोल्ड्रिंकही टाळायला सांगते. आंबट खाल्लंच, तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासानंतर मऊ ब्रश फिरवा.

घरी ब्लीचिंग करताना दातांवर बसवायच्या ट्रेमध्ये जेल काठोकाठ भरणं. प्रत्येक दाताला तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. जास्त झालं की हिरडीवर येऊन ती पांढरी पडते, चुरचुरते.

यवतमाळ, चंद्रपूरसारख्या भागात पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे डाग असतात. ब्लीचिंगनंतर ते सुरुवातीला आणखी उठून दिसू शकतात, म्हणून आधी तपासणी हवीच.

नंतर दात दोन-तीन दिवस शिवशिवले तर घाबरू नका. शिवशिव कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट लावा, पाणी कोमट प्या. पण एकच दात ठणकत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर ती ब्लीचिंगची शिवशिव नव्हे. सकाळी उठून थेट क्लिनिक गाठा.