अमेरिकी रीजनल बँकेचा इतिहास वाचताना: यू. एस. बँकॉर्पच्या निमित्ताने

पुण्या-मुंबईतल्या रिसर्च टीममध्ये अमेरिकी बँका वाट्याला आल्या की नवख्या माणसाला पहिलं काम बहुतेक हेच मिळतं: एखादी रीजनल (एका प्रदेशापुरती पसरलेली) बँक होल्डिंग कंपनी, म्हणजे बँकांचे शेअर धरणारी मूळ कंपनी, घ्या, तिचा इतिहास लिहा, पंचवीस-तीस वर्षांची वाढ दाखवा. टेन-के (कंपनीचा अमेरिकी नियामकाकडे जाणारा वार्षिक अहवाल) म्हणजे काय, एडगरवर (अशा अहवालांच्या सरकारी संकेतस्थळावर) ते कसं शोधायचं, फेडरल रिझर्व्हकडे जाणारा वाय-नाइन-सी फॉर्म कशासाठी असतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मला बोलायचंय ते वाढीच्या आलेखातल्या एका सापळ्याबद्दल. त्यात मी पुरती अडकले होते, आणि आजही नवी बँक हातात आली की आधी तीच जागा तपासते.

उदाहरण म्हणून यू. एस. बँकॉर्प घेते. मुख्यालय मिनियापोलिस, मालमत्ता साडेसहाशे अब्ज डॉलरच्या वर. ही कंपनी कधी सुरू झाली? १८५३ मध्ये मिलवॉकीत फार्मर्स अँड मिलर्स बँक उघडली, ती हिच्या पूर्वजांपैकी एक. १८६३ मध्ये सिनसिनाटीच्या फर्स्ट नॅशनल बँकेला २४ क्रमांकाची राष्ट्रीय सनद, म्हणजे केंद्र सरकारचा बँक परवाना, मिळाली. यू. एस. बँक आजही त्याच सनदेवर चालते. १८९१ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला युनायटेड स्टेट्स नॅशनल बँक निघाली, नाव तिच्याकडून आलं. आणि होल्डिंग कंपनी म्हणून नोंदणी १९२९ ची, मिनियापोलिसच्या फर्स्ट बँक स्टॉक कॉर्पोरेशनची. चारही सालं बरोबर आहेत, पण प्रत्येक साल वेगळ्या गोष्टीचं आहे. प्रोफाइलमध्ये त्यातलं एकच उचलून 'स्थापना' म्हणून टाकू नका.

हा गुंता झाला तो नावांमुळे. १९९७ मध्ये फर्स्ट बँक सिस्टिमने (फर्स्ट बँक स्टॉकचंच पुढचं नाव) पोर्टलंडची यू. एस. बँकॉर्प घेतली आणि तिचं नाव स्वतःला लावलं. १९९८ मध्ये सिनसिनाटीच्या स्टार बँकने मिलवॉकीची फायरस्टार घेतली आणि फायरस्टार हे नाव धारण केलं. २००१ मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. पुढाकार फायरस्टारचा, मुख्य कार्यकारी फायरस्टारचे जेरी ग्रुंडहोफर, नाव मात्र यू. एस. बँकॉर्प. समोरच्या बाजूला प्रमुख होते त्यांचे सख्खे भाऊ जॉन ग्रुंडहोफर. घर विकत घेणाऱ्याने दारावरची जुन्या मालकाची पाटी तशीच ठेवून तेच आडनाव स्वतःला लावावं, तसं हे तीनदा झालं. आपल्याकडे असं सहसा दिसत नाही. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या आणि नाव मोठ्या बँकेचंच राहिलं. त्यामुळे 'जिचं नाव उरलं, तिने दुसरीला घेतलं' असं आपण न विचारता धरतो. अमेरिकी बँकांसमोर बसताना हे गृहीतक आधी बाजूला ठेवा. १९९८ मध्येच नॉर्वेस्टने वेल्स फार्गोला घेतलं आणि वेल्स फार्गो झाली. त्याच वर्षी शार्लटच्या नेशन्सबँकेने बँकअमेरिका घेतली आणि नाव झालं बँक ऑफ अमेरिका.

वाढ धक्क्याधक्क्याने का झाली, हे कायद्याशिवाय कळत नाही, म्हणून एवढं तरी वाचाच. मिनेसोटात बँकांना शाखा काढण्यावर कडक बंधनं होती. १९२० च्या दशकात शेतीमालाचे भाव पडले आणि खेड्यापाड्यांतल्या बँका बुडू लागल्या. त्यातून १९२९ मध्ये मिनियापोलिसात दोन मोठे बँकसमूह उभे राहिले: फर्स्ट बँक स्टॉक आणि नॉर्थवेस्ट बँकॉर्पोरेशन, म्हणजे पुढची नॉर्वेस्ट. शाखा काढता येत नव्हत्या, म्हणून वेगवेगळ्या बँकांचे शेअर एकाच कंपनीने धरायचे. १९५६ च्या बँक होल्डिंग कंपनी कायद्याने परराज्यातली बँक घेण्यावर बंदी आणली, ते राज्य स्पष्ट परवानगी देत असेल तरच सूट. पण या दोघांचं आधीपासूनचं परराज्यातलं जाळं शाबूत राहिलं. डाकोटा आणि मोंटानात यांचं बस्तान एवढं जुनं का, याचं उत्तर इथे आहे. पुढे १९७५ मध्ये मेन राज्याने परराज्यातल्या बँकांसाठी दार किलकिलं केलं. १९८५ मध्ये एकमेकांच्या बँकांना प्रवेश देणाऱ्या, न्यू इंग्लंडमधल्या राज्यांच्या आपापसातल्या करारांना सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. 'रीजनल' बँका फोफावल्या त्या अशा करारांच्या आडोशाला, कारण न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांना त्यात प्रवेश नव्हता. १९९४ च्या रीगल-नील कायद्याने तो आडोसा काढला. परराज्यात शाखा चालवायची मुभा १ जून १९९७ पासून जवळजवळ देशभर लागू झाली आणि फर्स्ट बँक सिस्टिमचा पोर्टलंडचा व्यवहार त्याच ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. या तारखा शेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

आता सापळा. सावकाश वाचा.

२००० सालचा यू. एस. बँकॉर्पचा वार्षिक अहवाल उघडलात तर वर्षअखेरची मालमत्ता सुमारे ८७ अब्ज डॉलर दिसेल. २००१ चा अहवाल उघडून त्यातला २००० चा रकाना बघा: सुमारे १६५ अब्ज. कंपनीचं नाव तेच, तारीख तीच, दोन्ही आकडे लेखापरीक्षित. छपाईची चूक नाही. फेब्रुवारी २००१ मधलं विलीनीकरण 'पूलिंग ऑफ इंटरेस्ट्स' पद्धतीने नोंदवलं गेलं. त्या पद्धतीत दोन्ही कंपन्या पहिल्यापासून एकच होत्या असं मानून मागची वर्षंही नव्याने मांडतात. म्हणून नव्या अहवालातल्या २००० च्या रकान्यात फायरस्टारही आहे.

सीए केलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं. आपल्या एएस १४ मध्येही (विलीनीकरणाच्या हिशेबाचं भारतीय लेखा मानक) पूलिंग आहे, पण मागच्या वर्षांचे आकडे पुन्हा मांडायची सक्ती तिथे नाही. 'पूलिंग मला येतं' या भरवशावरच माणूस पुढे निघून जातो.

परिणाम काय होतो बघा. जसजसे अहवाल आले तसतसे आकडे घेतले, तर २००० ते २००१ मध्ये ८७ वरून १७१ अब्ज, म्हणजे एका वर्षात जवळपास दुप्पट. पुन्हा मांडलेले आकडे घेतले, तर १६५ वरून १७१, शांत चार टक्के. पहिला आलेख म्हणतो कंपनीने झेप घेतली, दुसरा म्हणतो काहीच घडलं नाही. दोन्ही एकट्याने चुकीचं सांगतात. १९९७, १९९८ आणि १९९९ चे मोठे व्यवहारही पूलिंगचेच, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर मागचा इतिहास नव्याने लिहिला गेला. तयार डेटा टर्मिनलवरून मालिका ओढलीत, तर कोणत्या वर्षाचा आकडा कोणत्या अहवालातला आहे हे पडद्यावर दिसत नाही. माझ्या शीटमध्ये ती उडी होती, ती चार टेबलांवरून पुढे गेली आणि कुणीही थांबवलं नाही.

३० जून २००१ नंतर सुरू झालेल्या व्यवहारांसाठी पूलिंग बंद झालं. तिथून पुढे खरेदी पद्धत: घेतलेली बँक व्यवहाराच्या दिवसापासूनच हिशेबात येते आणि गुडविल, म्हणजे निव्वळ मालमत्तेच्या मूल्यापेक्षा जास्त मोजलेली किंमत, नोंदवलं जातं. पूलिंगमध्ये गुडविल नसायचं. म्हणून २००१ च्या अलीकडचा आणि पलीकडचा भागभांडवलावरचा परतावा एका रेषेवर ठेवून 'कार्यक्षमता घटली' असं लिहू नका.

माझं ठाम मत सांगते. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या 'आमचा इतिहास' पानापासून सुरुवात करू नये. जिंकलेल्यांनी लिहिलेलं ते पान आहे. फर्स्ट बँक सिस्टिमला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रोखे गुंतवणुकीत मोठा फटका बसला होता, हे तिथे ठळक दिसणार नाही. २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कशी पडली ते समजून घ्यायचं असेल, तर हा जुना धडा जास्त उपयोगाचा आहे. हुकलेले व्यवहारही वाचा. फर्स्ट बँक सिस्टिम लॉस एंजेलिसच्या फर्स्ट इंटरस्टेटला घ्यायला निघाली होती, १९९६ मध्ये ती वेल्स फार्गोने पळवली.

मेंटॉरबद्दलही बोलते. 'मागच्या वर्षीची टेम्प्लेट घे आणि आकडे भर' म्हणणारा सिनियर प्रेमळ असू शकतो, पण तो तुम्हाला विश्लेषक बनवणार नाही. मला ज्यांनी घडवलं त्या बाईंनी कागदावर विलीनीकरणांचं झाड काढायला लावलं: प्रत्येक फांदीवर तारीख, कायदेशीररीत्या टिकलेली कंपनी, उरलेलं नाव, सनद, मुख्य कार्यकारी आणि हिशेबाची पद्धत. कंटाळवाणं काम आहे, आणि त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. एआयकडून सारांश काढून घेणाऱ्यांना तर स्पष्टच सांगते: नावांची अदलाबदल झालेल्या कंपन्यांमध्ये तो सारांश दोन वेगळ्या यू. एस. बँकॉर्प एकत्र कालवू शकतो, आणि वाचताना तुम्हाला ते जाणवणारही नाही.

हे वाचून धास्तावू नका. खरंच. पहिल्या दोन-तीन कंपन्यांना वेळ लागतो, मग हात बसतो. गणित कुठेच अवघड नाही, तळटीपा वाचायचा धीर हवा. पहिली टीप सहसा हिशेबाच्या धोरणांची असते, विलीनीकरणाची टीप तिच्या आसपास सापडते. ती प्रिंट काढून वाचा.

सराव हवा असेल तर २०२२ घ्या. यू. एस. बँकॉर्पने एमयूएफजी युनियन बँक सुमारे ८ अब्ज डॉलरना घेतली आणि व्यवहार १ डिसेंबरला पूर्ण झाला. म्हणजे वर्षअखेरच्या ताळेबंदात युनियन बँक संपूर्ण आहे, उत्पन्नात मात्र फक्त एका महिन्याची. वर्षअखेरच्या मालमत्तेवर परतावा काढा, मग सरासरी मालमत्तेवर काढा, दोन्हींतला फरक टिपेशी जुळवून बघा आणि २०२३ ची 'वाढ' त्यानंतरच लिहायला घ्या.