जॉर्डन की लेब्रॉन? जुने-नवे बास्केटबॉलपटू तोलताना या चुका टाळा

इंदूरला रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये सराव सुटला की पोरांचा वाद ठरलेला असतो: मायकल जॉर्डन मोठा की आजचा लेब्रॉन जेम्स? वाद घालावाच, त्याशिवाय खेळाची गोडी कळत नाही. पण मोबाइलवरचा आकडा समोरच्याच्या तोंडावर फेकण्याआधी तो कुठल्या नियमांत मिळवलेला आहे, ते बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरासरीला सरासरी भिडवणं. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ मध्ये सामन्यामागे १२.५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) घेतले, रसेल वेस्टब्रुकने २०१६-१७ मध्ये १०.७. म्हणजे रॉबर्टसन सरस? थांबा. तेव्हा एक संघ सामन्यात बास्केटकडे सरासरी १०७ फटके मारायचा आणि त्यातले निम्म्याहून जास्त हुकायचे. वेस्टब्रुकच्या वर्षी फटके होते ८५ च्या आसपास. हुकलेला चेंडूच नसेल तर रिबाउंड कुठून येणार? तेव्हा संघाला सामन्यात साधारण ७१ रिबाउंड मिळत, २०१६-१७ मध्ये ४३-४४. या हिशेबाने रॉबर्टसनचा वाटा साडेसतरा टक्के, वेस्टब्रुकचा जवळपास पाव. आणि रॉबर्टसन ४४ मिनिटं खेळत होता, वेस्टब्रुक ३५ सुद्धा नाही. असिस्टचं, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणाऱ्या पासचं, मात्र उलट आहे. त्या काळी नोंद ठेवणाऱ्यांचा असिस्ट देताना हात आखडता असायचा, त्यामुळे रॉबर्टसनचे ११.४ आज दिसतात त्याहून मोठे आहेत. एकाच माणसाचा एक आकडा फुगलेला, दुसरा दबलेला!

दुसरी चूक: नोंद नाही म्हणजे कामगिरी नाही, असं धरणं. एनबीएत ब्लॉक (अडवलेले फटके) आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) मोजायला सुरुवात झाली १९७३-७४ पासून. बचावासाठी गाजलेला बिल रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता, त्यामुळे ब्लॉकच्या यादीत त्याचं नाव शोधू नका. फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडूही १९६९ पासूनच निवडू लागले. ११ विजेतेपदं मिळवणाऱ्या रसेलला तो पुरस्कार कधीच मिळाला नाही, आणि आज तो त्याच्याच नावाने दिला जातो. तीन गुणांची रेषा तर १९७९-८० मध्ये आली.

"जॉर्डन आज असता तर ४५ ची सरासरी काढली असती" हे वाक्यही जपून वापरा. त्याच्या काळात बचावपटू हाताने अडवू शकत, हे खरं. पण झोन बचावाला (एका खेळाडूऐवजी मैदानाचा भाग राखण्याला) २००१ पर्यंत बंदी होती, ही त्याला सवलतच, हे कोणी सांगत नाही. सवलत मोजायची तर दोन्हीकडची मोजा.

इंदूरकरांना हे समजवावं लागू नये. इंदूरच्या होळकर संघाचे क्रिकेटपटू सी. के. नायडू यांची कसोटी सरासरी २५, तीही फक्त ७ कसोट्यांत. ती कोहलीच्या शेजारी ठेवून नायडूंना कोणी लहान ठरवतं का? मग बास्केटबॉलमध्येच का?

माझ्या मते पहिली तुलना त्याच वर्षीच्या दुसऱ्या क्रमांकाशी करावी. १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेनने एकूण ४,०२९ गुण केले, त्याच्यामागे वॉल्ट बेलामी २,४९५ वर. २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने ४०२ थ्री-पॉइंटर मारले, दुसरा क्ले थॉम्पसन २७६ वर. चेंबरलेन सुमारे १.६ पट पुढे, करी जवळपास दीडपट. एक उंचीवर खेळणारा, दुसरा लांबून मारणारा, मध्ये ५४ वर्षं. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात.